पस्तीस दिवसांच्या आधी आणि नंतर

व्यसनमुक्ती केंद्रात फोन करणाऱ्या नातेवाइकांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. कोर्स किती दिवसांचा आहे? खर्च किती येईल? आणि मग जरा दबक्या आवाजात, "पुन्हा पिणार नाही याची गॅरंटी देता का?" वर्षानुवर्षं उधाऱ्या फेडलेल्या, दागिने गहाण टाकलेल्या, रात्री दार वाजलं की पोटात गोळा येणाऱ्या घरानं अशी तारीख आणि हमी मागणं अगदी स्वाभाविक आहे. पण या प्रश्नांमागे एक समजूत असते. माणूस आत पाठवायचा आणि ठरावीक दिवसांनी तो बरा होऊन बाहेर यायचा, अशी. या समजुतीपायी पुष्कळ घरं चुकीच्या ठिकाणी पैसे घालवतात आणि पहिला प्रयत्न फसला की सगळ्याच उपचारांवरचा विश्वास गमावून बसतात. व्यसनमुक्तीच्या नावानं प्रत्यक्षात निदान पाच-सहा वेगवेगळी कामं चालतात. एकाला जे लागतं ते दुसऱ्याला लागेलच असं नाही. कोणाला आधी कोणतं काम हवं हे कळलं, तर निवड निम्म्यानं सोपी होते.

उपचारांपर्यंत पोचणारेच मुळात थोडे आहेत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'मधल्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्रानं देशभर पाहणी केली आणि तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले सुमारे ५ कोटी ७० लाख लोक, आणि हेरॉइन, अफू किंवा तत्सम गोळ्यांच्या त्रासासाठी सुमारे ७७ लाख. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळाला होता; दाखल होऊन उपचार घेतलेला १८० जणांत एक. एवढ्या कमी लोकांच्या वाट्याला जे येतं, ते तरी नीट असायला हवं.

पहिलं काम शरीराचं. नशेची सवय झालेल्या शरीराला ती अचानक मिळेनाशी झाली की ते बंड करतं. हा काळ सुखरूप पार पाडणं म्हणजे डिटॉक्स. इथे आपल्याकडचा समज नेमका उलटा आहे. गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, ओढणाऱ्याची 'टर्की' पाहिलेल्या माणसाला ती प्राणघातक वाटते. शेवटच्या कशानंतर काही तासांतच नाक आणि डोळे गळू लागतात, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, हाडं ठणकतात आणि झोप तर लागतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो आणि आठवडाभरात बहुतेक त्रास ओसरतो. यातना भयंकर असतात, पण एरवी धडधाकट असलेल्या माणसाच्या जिवाला यात सहसा धोका नसतो. दारूचं तसं नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी हातपाय थरथरणं, घामानं निथळणं, भिंतीवर किडे किंवा दारात माणसं दिसणं, आपण कुठे आहोत याचं भान हरपणं असा डिलिरियम ट्रेमेन्सचा झटका येऊ शकतो आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यालाही त्या एकदम बंद केल्या तर असाच धोका असतो. "चार दिवस खोलीत कोंडून ठेवा, आपोआप सुटेल" हा सल्ला म्हणूनच दारूच्या बाबतीत जिवावर बेततो.

दवाखान्यात यासाठी क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधं देतात आणि ती काही दिवसांत उतरवत नेतात. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, इंजेक्शनातून देतात. ही गोष्ट गावातल्या डॉक्टरांनी आणि नातेवाइकांनी लक्षात ठेवावी इतकी महत्त्वाची आहे. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात ब-१ची चणचण असते. अशा माणसाला अशक्तपणासाठी नुसती ग्लुकोजची बाटली लावली आणि आधी किंवा सोबत थायमिन दिलं नाही, तर मेंदूला इजा होऊ शकते. चालताना तोल जाणं, नजर स्थिर न राहणं, गोंधळणं आणि पुढे स्मरणशक्तीच निघून जाणं इथवर ती पोचते. काही रुपयांच्या इंजेक्शनानं हे टळतं.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, हे महाराष्ट्राच्या शहरांतलं अलीकडचं संकट. २०१५ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं गेलं. त्याची तलफ भागवणारं किंवा त्याची जागा घेणारं खात्रीचं औषध अजून नाही. सोडल्यावर मुलगा दोन-तीन दिवस नुसता झोपतो, मग उदासी येते, आणि त्या उदासीत आत्महत्येचे विचार डोकावू शकतात. त्या दिवसांत त्याला एकटं न सोडणं हाच उपचाराचा मोठा भाग असतो.

डिटॉक्स सिव्हिल हॉस्पिटलात होतं, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात होतं, खासगी रुग्णालयात होतं. आठ-दहा दिवसांत माणूस जेवू लागतो, झोपू लागतो, चेहऱ्यावर तेज येतं. घरच्यांना वाटतं, जिंकलो. याच क्षणी पुढचा उपचार थांबला तर ते सगळ्यात धोकादायक. शरीर स्वच्छ झालं, पण ज्या कारणांनी हात बाटलीकडे किंवा पुडीकडे जात होता ती सगळी तशीच आहेत. शिवाय गर्द किंवा हेरॉइन सोडलेल्याच्या शरीराची सहनशक्ती या दिवसांत घटलेली असते. महिन्याभरानं तो पूर्वीइतकीच मात्रा घेतो आणि श्वास बंद पडून मरतो. तुरुंगातून सुटलेल्यांच्या बाबतीतही पहिल्या दोन आठवड्यांत हेच घडताना जगभर दिसलं आहे. नुसतं डिटॉक्स करून घरी पाठवणं हा अर्धा उपचारही नाही.

दुसरं काम मनाचं आणि सवयींचं. निवासी केंद्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते हेच. महाराष्ट्रात ही कल्पना रुजली ती पुण्याच्या मुक्तांगणमुळे. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दचा विळखा पडत होता आणि अनिल अवचट त्यावर लिहीत होते. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. त्याची घडी बसवली ती मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. १९९७ मध्ये त्या गेल्या, पण इथे आलेल्या माणसाला गुन्हेगार मानायचं नाही, त्याला 'रुग्णमित्र' म्हणायचं, हा त्यांनी घालून दिलेला पायंडा टिकला. नंतर स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग निघाला. त्याची गरज किती होती हे स्त्रीचं व्यसन लपवणाऱ्या घरांनाच ठाऊक. बाईच्या पिण्याची वाच्यता होऊ नये म्हणून तिला उपचारापासूनच दूर ठेवलं जातं, आणि ती दिसते तेव्हा यकृत कामातून गेलेलं असतं.

मुक्तांगणमधला मुक्काम साधारण पस्तीस दिवसांचा. सुरुवातीचे दिवस शरीराच्या त्रासाचे. मग ठरल्या वेळी उठणं, व्यायाम, साफसफाईत हातभार, गटचर्चा, समुपदेशकाशी एकट्यानं बोलणं. वाचताना हे साधं वाटतं. पण दहा-पंधरा वर्षं ज्याचा दिवस 'आज माल कुठून मिळेल' या एकाच विचाराभोवती फिरला आहे, त्याला सकाळी सहा वाजता उठून अंथरुणाची घडी घालणंही नव्यानं शिकावं लागतं. गटात बसून दुसऱ्याच्या तोंडून आपलीच कहाणी ऐकणं, 'माझा कंट्रोल आहे' या वाक्यातलं खोटं स्वतःच ओळखणं, तलफ येते कधी याचा शोध घेणं: पगाराचा दिवस, जुना मित्र, बायकोशी झालेलं भांडण, लग्नाची वरात, नुसता कंटाळा. या प्रत्येक वळणावर काय करायचं याची तालीम इथे होते. समुपदेशकांपैकी अनेक जण स्वतः या वाटेनं आलेले असतात. त्यांना फसवता येत नाही आणि त्यांच्यापुढे लाजावंही लागत नाही.

महिनाभराच्या निवासी उपचाराचा साचा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातून जगभर पसरला. तिथे १९४९ मध्ये हेझल्डन हे केंद्र सुरू झालं आणि पुढे अठ्ठावीस दिवसांचा कार्यक्रम जणू नियम होऊन बसला. अठ्ठावीस किंवा पस्तीस या आकड्यांना मेंदूच्या बरं होण्याचा आधार नाही. सुट्टी, पैसा आणि विमा यांच्या गणितातून ते आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेचं म्हणणं असं की, तीन महिन्यांपेक्षा कमी चाललेल्या उपचाराचा परिणाम मर्यादित राहतो. म्हणजे पस्तीस दिवस आत काढलेल्या माणसाचे जवळपास दोन महिने अजून बाकी असतात, आणि ते त्याला बाहेर, आपल्याच गल्लीत काढायचे असतात.

गल्लीचा प्रश्न खरा आहे. व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळपास एक पंचमांश तिथे हेरॉइनच्या आहारी गेले होते. सरकार हादरलं. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परत आलेल्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा पहिल्या वर्षात त्यांतल्या सुमारे ५ टक्क्यांनाच पुन्हा व्यसन जडल्याचं दिसलं. सभोवताल बदलला होता, माल हाताशी नव्हता, सोबतचे मित्र पांगले होते. आपल्याकडचा रुग्ण मात्र जिथून निघाला तिथेच परततो. पुडी विकणारा त्याच कोपऱ्यावर उभा असतो. म्हणून काही जणांना महिन्याऐवजी सहा महिने ते वर्षभर राहता येईल अशी जागा लागते. बेघर मुलं, कुटुंबानं तोडलेले, अनेकदा घसरलेले यांच्यासाठी दीर्घ मुक्कामाचे निवासी समूह असतात. तिथे माणूस हळूहळू जबाबदाऱ्या घेतो, काम शिकतो आणि मग बाहेरच्या जगात पाऊल टाकतो.

या समूहांच्या इतिहासात एक काळं पानही आहे. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात निघालेला सिनॅनॉन हा समूह आधी खूप नावाजला गेला. तिथे गटात बसून माणसावर शिव्यांचा भडिमार करणं हाच उपचार मानला जाई. पुढे तो एका माणसाच्या हुकमतीखालचा पंथ झाला, आणि १९७८ मध्ये त्यांच्या विरोधात लढणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत विषारी साप सोडण्यापर्यंत गोष्ट गेली. अपमान करून माणूस सुधारतो ही कल्पना तेव्हाही चुकीची ठरली. आपल्याकडच्या काही केंद्रांत ती अजून जिवंत आहे. त्याबद्दल पुढे.

तिसरं काम औषधांचं, आणि इथे आपल्या समाजाचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. हेरॉइन किंवा गर्दच्या व्यसनासाठी बुप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधं दीर्घकाळ देण्याच्या उपचाराला ओएसटी म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वान्डर यांनी मेथाडोनवरचं आपलं काम १९६५ मध्ये प्रसिद्ध केलं. २००५ पासून ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. बुप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायची असते. मेंदूतल्या ज्या जागांवर हेरॉइन जाऊन बसतं त्याच जागा ती धरते, पण अर्धीच कळ दाबते. तलफ आणि टर्की थांबते, नशेची झिंग येत नाही, आणि मात्रा वाढवूनही एका मर्यादेपलीकडे परिणाम वाढत नाही. माणूस कामावर जाऊ शकतो, मुलांना शाळेत सोडू शकतो.

"म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं लावायचं," हा आक्षेप शिकलेल्या घरांतही ऐकू येतो. त्याला उत्तर आकड्यांनीच द्यायला हवं. फ्रान्सनं १९९५ मध्ये साध्या डॉक्टरांनाही बुप्रेनॉर्फिन देण्याची मुभा दिली, आणि चार वर्षांत तिथे हेरॉइनच्या अतिमात्रेनं होणारे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. औषध चालू असताना मृत्यूचं प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. सुया टोचून घेणं कमी झाल्यानं एचआयव्हीचा प्रसारही रोखला जातो, आणि म्हणूनच राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं हा उपचार आपल्या कार्यक्रमात घेतला. पंजाबनं २०१७ पासून जागोजागी अशी बाह्यरुग्ण केंद्रं उघडली. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टसारख्या संस्था रस्त्यावर राहणाऱ्या नशेखोरांबरोबर हे काम करत आल्या आहेत. 'गोळीसुद्धा नको, पूर्ण मुक्तीच हवी' हा आग्रह नैतिकदृष्ट्या उंच वाटतो. पण गर्द ओढणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो त्याच्या जिवाच्या किमतीवर धरला जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

दारूसाठीही औषधं आहेत. नाल्ट्रेक्सोन पिण्यातला आनंद कमी करतं, अकॅम्प्रोसेट सोडल्यानंतरची बेचैनी शमवतं. सगळ्यात जुनं डायसल्फिराम. १९४० च्या दशकात कोपनहेगनमध्ये एरिक याकोबसेन आणि येन्स हाल्ड हे दोघे संशोधक जंतांवरचं औषध म्हणून ते स्वतःवर तपासत होते. तेव्हा थोडीशी दारू घेतल्यावर आपली अवस्था वाईट होते हे त्यांच्या लक्षात आलं. हे औषध घेतलेल्यानं दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला हे सगळं ठाऊक आहे आणि ज्यानं स्वतःहून गोळी घ्यायचं ठरवलं आहे, त्याला या भीतीचा आधार होतो. पण 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर दिसतात आणि घरची माणसं जेवणात पूड मिसळतात. पूड कशाची आहे कोणालाच ठाऊक नसतं. ती डायसल्फिरामची असेल, समोरच्याला पत्ता नसेल आणि त्याला हृदयविकार असेल, तर तो त्या रात्री वाचेलच असं नाही. आणि वाचला तरी आईनं किंवा बायकोनं अन्नात काही कालवलं हे कळल्यावर त्या घरात विश्वास उरत नाही, आणि पुढचा सगळा उपचार विश्वासावरच चालायचा असतो.

दाखल न होता मिळणारी मदत ही सगळ्यात दुर्लक्षित बाजू. प्रत्येक पिणाऱ्याला केंद्रात जावं लागत नाही. गोव्यात संगत या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग केला. तिथे तपासणीला आलेल्या, पिणं हानिकारक पातळीवर पोचलेल्या पुरुषांशी डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी फार तर चार बैठकांत बोलायचं. ३७७ पुरुषांवरच्या या अभ्यासाचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. तीन महिन्यांनी, आधीच्या चौदा दिवसांत दारूला अजिबात न शिवलेले समुपदेशन मिळालेल्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्या गटात १८ टक्के. चार बैठका, त्याही गावातल्याच दवाखान्यात. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकारानं २०१६ पासून चाललेला 'मुक्तिपथ' हा कार्यक्रमही याच दिशेचा. जिल्ह्यात दारूबंदी १९९३ पासून आहे, पण बंदी हा उपचार नव्हे हे ओळखून तालुक्यांच्या ठिकाणी क्लिनिक आणि गावांत व्यसन उपचार शिबिरं सुरू झाली. रोजंदारी बुडवून पुण्याला महिनाभर जाणं ज्याला शक्य नाही, त्याच्याकडे उपचारानंच चालत जायला हवं. साताऱ्याच्या 'परिवर्तन'सारख्या संस्थांमुळे निदान जिल्ह्याच्या ठिकाणी तरी दार उघडं राहतं.

मग येतो सोबतीचा भाग. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, आपल्या तोंडी 'एए', १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात दोन दारुड्या माणसांच्या गप्पांतून सुरू झालं. एक शेअरबाजारातला, दुसरा डॉक्टर. भारतात ते १९५७ मध्ये आलं. फी नाही, नोंद नाही, आडनाव विचारत नाहीत. सभासद व्हायला पिणं सोडण्याची इच्छा पुरते. महाराष्ट्रातल्या शहरांत या सभा मराठीतून, हिंदीतून, इंग्रजीतून भरतात. अमली पदार्थांसाठी नार्कोटिक्स अनॉनिमस आहे. या सभांची वाटचाल ज्या बारा पायऱ्यांनी होते, त्यांतली ईश्वराची भाषा काहींना खटकते आणि त्यांनी दुसरा आधार शोधावा, यात कमीपणा काही नाही. पण या पद्धतीचा परिणाम भावनेपुरताच आहे असं आता म्हणता येत नाही. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात, दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत या मार्गाला नीट जोडलेले उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांच्या बरोबरीचे किंवा सरस ठरले. वांद्र्याहून १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी सुरू केलेल्या 'कृपा फाउंडेशन'नं या बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड दिली. फादर स्वतः त्या वाटेनं गेलेले.

आणि घरची माणसं? ती उपचाराच्या बाहेर उभी असतात, खरं तर त्यांनाही उपचार हवा असतो. मुक्तांगणमधला पत्नींचा 'सहचरी' गट याच जाणिवेतून आला. नवऱ्याच्या दारूसाठी स्वतःला दोष देणं, साहेबाला खोटा निरोप देणं, त्याची उधारी चुकवणं हे सगळं प्रेमापोटी होतं, आणि नेमकं तेच पिण्याची सोय करून देतं. 'तो यायलाच तयार नाही' म्हणून हात टेकलेल्यांसाठी रॉबर्ट मेयर्स यांनी 'क्राफ्ट' नावाची पद्धत घडवली. त्यात पिणाऱ्याला काही शिकवत नाहीत, घरच्यांना शिकवतात. तो शुद्धीत असताना जवळ जायचं, प्यायलेला असताना वाद न घालता दूर व्हायचं, त्याच्या पिण्याचे परिणाम स्वतः झेलायचे नाहीत आणि तो जरा कचरला की त्याच क्षणी उपचाराचा विषय काढायचा. मारहाण होत असेल तर आधी स्वतःची सुटका, हे त्या पद्धतीतलं पहिलं कलम. १९९९ च्या एका तुलनात्मक अभ्यासात या मार्गानं ६४ टक्के नकार देणारे उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून त्याला घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीनं ३० टक्के आले, नुसत्या कुटुंबाच्या आधारगटानं १३ टक्के.

हे आकडे मुद्दाम देतो आहे, कारण अनेक घरं याच्या उलट टोकाला जातात. रात्री गाडी येते, चार धट्टेकट्टे लोक मुलाला उचलून नेतात आणि महिनोन्महिने त्याची भेट होऊ देत नाहीत. आत मारहाण, साखळ्या, उपाशी ठेवणं. अशा 'केंद्रां'त मृत्यू झाल्याच्या बातम्या देशभरातून येत राहतात. घरच्यांना वाटतं, कडक शिस्तीचं दिसतंय. हे बेकायदा आहे, हे स्पष्ट माहीत असावं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांमुळे झालेले मानसिक आजार येतात. माणसाला साखळीनं बांधायला हा कायदा पूर्ण बंदी घालतो. संमतीशिवाय दाखल करायचं तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो आणि दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा किंवा स्वतःची काळजी घेता न येण्याचा गंभीर धोका असावा लागतो, आणि तेही सुरुवातीला तीस दिवसांपर्यंतच. भेटीचा आणि फोनचा हक्क रुग्णाला आहे. चुकीचं घडत असेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार करता येते.

म्हणून केंद्र निवडताना दिवसांच्या आधी इतर गोष्टी विचाराव्यात. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, आणि रात्री फिट आली तर कोण पाहतं? हेरॉइनच्या रुग्णाला बुप्रेनॉर्फिनचा पर्याय देतात की ऐकूनच झिडकारतात? आम्हाला सगळ्या खोल्या पाहता येतील का? घरच्यांसाठी काय आहे? आणि सुटल्यानंतर पहिले सहा महिने पाठपुरावा कोण करतं, किती वेळा? या शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्याकडे जाऊ नये. गॅरंटी देणाऱ्याकडे तर मुळीच नाही. पैसे नसतील तर सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी एकात्मिक पुनर्वसन केंद्रं आहेत, सरकारी रुग्णालयं आहेत. पोलिसांच्या भीतीनं गप्प बसणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगल्याच्या आरोपात सापडलेल्या व्यसनाधीन माणसानं स्वेच्छेनं मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. मात्र उपचार पुरे करावे लागतात.

पुन्हा पिणं किंवा ओढणं सुरू होईल का? पुष्कळदा होतं. अमेरिकेतल्या अभ्यासांत हे प्रमाण ४० ते ६० टक्के आहे, आणि रक्तदाब किंवा दम्याचे रुग्ण औषधं सोडून पुन्हा आजारी पडतात ते प्रमाण ५० ते ७० टक्के. दम्याचा झटका परत आला म्हणून कुणी रुग्णाला घराबाहेर काढत नाही. घसरलेला माणूस लाजेनं आठ-पंधरा दिवस तोंड लपवतो आणि तेवढ्यात घसरण पूर्ण पडझडीत बदलते. पहिल्याच दिवशी समुपदेशकाला फोन करायचा, असं केंद्रात असतानाच ठरवून ठेवलेलं असलं तर ती घसरण बहुधा तिथेच थांबते. हेरॉइनच्या बाबतीत त्या काळात एकट्यानं नशा करणं सगळ्यात घातक. श्वास मंदावलेला, ओठ निळे पडलेले दिसले तर १०८ ला फोन करून लगेच रुग्णालय गाठावं. तिथे नॅलोक्सोनचं इंजेक्शन मिनिटांत श्वास परत आणू शकतं.

नशामुक्तीसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६, आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६. दोन्ही मोफत आहेत. रुग्ण उपचाराला तयार नसला तरी आईनं, बायकोनं, भावानं फोन केला तर चालतो, आणि टेली-मानसवर मराठीतून बोलता येतं.